नारिंगी झेंडा

रविवारी सकाळी हायवेच्या कडेला, टपरीवर आम्ही सायकलवाले चहा पीत उभे होतो. तेवढ्यात पलीकडच्या बाजूने एक माणूस चक्क आडवा पडून सायकल चालवत आला. पाठ टेकलेली, पाय पुढे पेडलवर, डोकं जेमतेम ट्रकच्या चाकाएवढं उंच. मागे लवलवती काठी आणि तिच्या टोकाला नारिंगी झेंडा.

"अहो, उशी राहिली घरी!" आमच्यातला सुधीर ओरडला. "आणि झेंडा कसला? मिरवणूक आहे का?"

सगळे हसले. मीही हसलो. आडवं व्हायला घरी पलंग आहे की! सायकल कशी कंबर वाकवून, घाम गाळून चालवावी.

इतक्यात मधून एक कंटेनर आला आणि तो माणूस झेंड्यासकट दिसेनासा झाला. नुसती चाकंच चाकं. सुधीरचा कप ओठांपाशीच थांबला. कंटेनर काही केल्या संपेना. संपला, तेव्हा पलीकडे झेंडा डुलत निघाला होता.

रस्त्यावर आडवा माणूस आपण एरवी कधी पाहतो, ते प्रत्येकाला आठवलं असावं. ते आठवू नये म्हणूनच तर हसलो होतो.

चहा संपवून मी सायकलवर बसलो. ताठ, उंच. ड्रायव्हरला आपण दिसतोच, असं इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्या माणसाने तसं धरलं नव्हतं.

मागून हॉर्न वाजला. माझ्याकडे झेंडा नव्हता.