पूजेच्या बियाच्या तीन ओळी

आमच्या घराण्यात शाळेची पायरी ओलांडून पुढे गेलेला मी पहिलाच. नांदगाव खंडेश्वरला वडिलांचा भाजीचा मळा होता. शिष्यवृत्तीवर नागपूरला शेतकीची पदवी घेतली आणि अकोल्याच्या सरकारी प्रयोगशेतीवर नोकरी लागली. काम सोपे वाटले होते. ज्वारीचे बी पेरण्यापूर्वी मोरचुदाच्या पाण्यात भिजवले की काणी पडत नाही, एवढे गावोगाव सांगायचे आणि करून दाखवायचे. काणी म्हणजे कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरणारा रोग.

तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात मी मोरचुदाच्या पुड्या, मातीचा माठ आणि छापील पत्रक घेऊन गेलो. पेरणी दोन दिवसांवर होती. ज्या ओसरीवर माणसे जमली, त्या घरच्या ज्वारीत मागच्या सालीच काणी भरली होती, आणि घरात वर्षभराची भाकर तिच्यावरच. घरची कर्ती बाई वयस्कर होती. मी तिला मावशी म्हणू लागलो.

मी पत्रक वाचले : "सर्व बी भिजवावे, एकही दाणा सोडू नये. भिजवलेले बी विषारी असते, खाऊ नये."

"आन् पूजेच्या बियाचं काय?" मावशीने विचारले.

मला कळेना. तिने समजावले. पेरणीच्या सकाळी सुपात बी घेऊन देवापुढे ठेवतात. त्यातले पहिल्या फेराला तिफणीत टाकतात, तिच्या तीन दात्यांनी तीन ओळी पेरल्या जातात, आणि उरलेल्याच्या घुगऱ्या शिजवून लेकराबाळांना, गड्यांना वाटतात.

"थेच बी पेराचं, थेच खायाचं. देवाच्या बियाले विष लावू का मी? लेकरं मारू?"

तिचा मुलगा कळवळून म्हणाला, "माय, यंदा पुन्हा काणी आली तं खाशीन काय?"

"म्हणून तं विचारून राहिली ना! शिकेल माणूस हाये, सांगू दे त्याले."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या आईनेही असले सूप दर साली देवापुढे ठेवले होते, घुगऱ्या मी मिटक्या मारीत खाल्ल्या होत्या. पण परीक्षेच्या अभ्यासात ते सूप कुठेच आले नव्हते. मी खाली मान घालून म्हणालो, "मावशी, मला ठाऊक नाही. उद्या विचारून येतो."

"अरे वा, सरकारचा माणूस आन् ठाऊक नाही म्हणते!" कोणीतरी म्हणाले. हशा झाला. मावशी मात्र हसली नाही.

मी सर्व्हिस मोटारीने अकोल्याला आलो. साहेब पुण्याकडचे, शिस्तीचे. आता बोलणी बसणार, असे धरून चाललो होतो. त्यांनी सारे ऐकले.

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"ठाऊक नाही म्हणालो."

"बरं केलंत. मी इथे इतकी वर्षं आहे, मलाही ठाऊक नव्हतं." मग त्यांनी पहिल्या फेराच्या ओळी किती, वावराच्या कोणत्या कडेला, असे बारीक बारीक विचारले आणि स्वतः पत्र लिहून दिले.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर पोचलो आणि पूजेचे बी भिजवायचे नाही, असे मावशीला सांगितले.

"साहेबानं सांगतलं का तूच मनानं सांगून राहिला?"

मी पत्र पुढे केले.

"मले वाचता येते का? वाच."

मी वाचले. पूजेचे बी आधीच बाजूला काढावे. ते जसेच्या तसे पेरावे, खावे. बाकीचे भिजवावे. पहिल्या फेराच्या तीन ओळींना काठी रोवून खूण करावी आणि ती कणसे वेगळी कापावीत, बाकीच्या खळ्यात मिसळू नयेत. यंदाच्या पिकात रोग एका ताटावरून दुसऱ्यावर जात नाही, खळ्यात बियाला चिकटतो.

मावशी मुलाला म्हणाली, "आण थो माठ."

दिवाळीनंतर गेलो तेव्हा वावराच्या बांधावर माणसे आधीच उभी होती. काठीपासूनच्या तीन ओळींत कणसामागून कणीस काळे पडले होते. पलीकडे सारे वावर भरल्या, पांढऱ्या दाण्याचे. बोलत मावशीच होती, "तुमच्या अकोल्याच्या शेतावरचं कोन पाहाले जाते? हे माह्या वावरातलं हाये. हात लावून पाहा."

साहेब मुद्दाम आले, बांधावर उभे राहून तिचे ऐकले. पत्रकातले "एकही दाणा सोडू नये" हे वाक्य त्यांनी खोडले. नवे पत्रक छापून यायला वेळ होता, म्हणून अकोल्याच्या जुन्या शहरातल्या माझ्या खोलीत बसून शिल्लक पत्रकांवर मी हाताने लिहिले : पूजेचे बी आधी काढावे, ते पेरले तिथे खुणेची काठी रोवावी. मावशीचे नाव त्यावर घालायचे मला सुचले नाही, याची अजून रुखरुख वाटते.

पुढच्या पेरणीला गेलो तर माठात बी भिजत होते आणि चुलीवर घुगऱ्या होत्या. तिने द्रोण माझ्या हातात दिला.

"खाय. भिऊ नको, याले मोरचूद नाही लागलं."