भेटीसाठी चौदा दिवस

हिंगोलीहून वारंगा फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वृद्धाश्रम आहे. मी तिथली व्यवस्थापक. कोरोना आला तेव्हा आमच्याकडे बावीस जण राहत होते. पहिल्याच आठवड्यात मी नियम लिहून फाटकाला लावले. बाहेरचा माणूस आत नाही, आतला बाहेर नाही. दूध फाटकावर घ्यायचं, किराणा दोन दिवस उन्हात ठेवायचा. नवीन कामवाली आली तर चौदा दिवस मागच्या खोलीत राहील. नातेवाइकांची भेट फाटकापाशी, चुन्याच्या दोन रेघांवर उभं राहून. मध्ये दहा फूट, वेळ पंधरा मिनिटं.

मला याद्या करायला आवडतं, आणि त्या पाळल्या गेल्या की आणखी आवडतं. सहा महिने आश्रमात कोणालाही ताप आला नाही. शिरड शहापूरच्या एका निवृत्त गुरुजींचा मुलगा महिन्यातून एकदा यायचा. रेघेवरून "बरं आहे ना?" विचारायचा, गुरुजी "बरं आहे" म्हणायचे, मग दोघंही रस्त्यावरच्या गाड्या बघत उभे राहायचे. पंधरा मिनिटं बहुतेकांना पुरून उरत होती.

अडचण एका मावशीपाशी आली. ती बंजारा तांड्यावरची, वय ऐंशीच्या पुढे. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून चालायची. दसऱ्यानंतर तांडा ऊसतोडीला जातो, तेव्हा मागे तांब्याभर पाणी द्यायलाही धडधाकट माणूस उरत नाही. म्हणून तिच्या लेकीनं तिला आमच्याकडे ठेवलं होतं.

कोरोनाच्या आधी ही लेक पहिल्यांदा भेटायला आली तो दिवस मला चांगला आठवतो. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि सुरात रडायला लागल्या. त्यांच्या गोरमाटी बोलीत, ओळीमागून ओळ, आधी आई, मग लेक. कोणीतरी गेलं असं समजून मी पाणी घेऊन धावले. स्वयंपाकीणबाई गॅस बंद करून बाहेर आल्या. पाव तासानं दोघी एकदम थांबल्या, पदरानं डोळे पुसले, आणि मावशीनं रोजच्या आवाजात विचारलं, "शेळी व्याली का गं?"

नंतर तिनंच मला समजावलं. मागच्या भेटीपासून कोण गेलं, कोणाला काय दुखलं, काय सोसलं, ते गळा धरून रडत सांगायचं. ते झालं की भेट झाली. गप्पा त्यानंतर.

आता कोरोनातली गोष्ट. दसऱ्याला सोळा-सतरा दिवस असताना लेक नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून आली आणि बाहेरच्या रेघेवर उभी राहिली. मावशी वॉकर टेकत ओट्यापर्यंत आली. तिनं रेघ पाहिली, लेकीला पाहिलं, तोंडावर पदर ओढला आणि माघारी वळली.

मी तिच्या मागं गेले. "मावशी, काहून वळलात? ती एवढ्या लांबून आली. पंधरा मिनिटं बोला की."

"रेघंवरून बोलाया ती काय कोर्टात हुबी हाय?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

"असू द्या ना. मी कुठं मोडून राहिले? आमच्यात गळ्यात पडल्याबिगर भेट व्हत न्हाई. नुसतं तोंड दाखवून जानं म्हंजे भांडन असल्यावानी. त्यापरीस न्हाई भेटलेलं बरं."

फाटकाबाहेर लेक म्हणाली, "मॅडम, दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी टोळी निघती. मंग होळीपतूर येनं न्हाई. तवर याडी ऱ्हाईल का?"

याडी म्हणजे आई. असल्या प्रश्नांची उत्तरं मी देत नाही. मी कॅलेंडर पाहिलं. चौदा दिवस बसत होते.

"नवीन कामवालीचा नियम तुला लावते," मी म्हटलं. "मागच्या खोलीत चौदा दिवस राहा. ताप-खोकला आला नाही, तर पंधराव्या दिवशी आईच्या गळ्यात पड."

नवरा हसला. "रडाया चौदा दिस बसून ऱ्हानार व्हय? अन् सोयाबीन कोन काढंल?"

"तुमी काढा," लेक म्हणाली. "तुमच्या मायला भेटता तवा कुनी रेघ आखती का?"

त्यानं मोटारसायकलला किक मारली. संध्याकाळी तिच्या कपड्यांचं बोचकं आणून फाटकावर ठेवून गेला.

मागची खोली धान्याची. पोती एका बाजूला सरकवून खाट टाकली. सकाळ-संध्याकाळ तिचा ताप मोजायचा, ताट उंबऱ्यावर ठेवायचं. तिला रिकामं बसवेना, म्हणून तिनं आमची वर्षाची ज्वारी आणि डाळ निवडून टाकली. मावशी रोज ओट्यावर बसायची, पण खोलीकडे पाठ करून. रेघेवरून तोंड बघायचं नाही, तर खिडकीतूनही नाही, असा तिचा हिशेब होता. बाकीच्यांना मात्र सारखी उत्सुकता. आज कितवा दिवस, हे औषधाची वेळ विसरणाऱ्यांनाही पाठ असायचं. एका आजोबांच्या मुलानं फोन करून त्या खोलीची चौकशी केली. संडास आत आहे का, मोबाइलला रेंज येते का. मी सगळं सांगितलं. "बघतो," म्हणाला. आला नाही.

अकराव्या दिवशी जावई फाटकावर आला. "मुकादमानं गाडी अगुदरच आनली. उद्या सकाळी वारंगा फाट्यावरून निघायचं."

"अजून तीन दिवस आहेत."

"ते मुकादमाला सांगा, मॅडम."

अकरा म्हणजे चौदा नव्हेत. एका घरासाठी सूट दिली की उद्या दुसऱ्याला द्यावी लागते, आणि आत एकवीस जण आणखी होते. मी नाही म्हणायचं ठरवलं आणि ते सांगायला मावशीकडे गेले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "तिचे तीन दिस ऱ्हायले ना? ते मी भरते."

"म्हणजे?"

"मी जाते त्या खोलीत. तिला भेटते. ती गेली की मी ततंच ऱ्हाते, तुमी दार लावून घ्या."

"मावशी, मग तीन नाही. पुन्हा पहिल्यापासून चौदा."

"चौदा तर चौदा. मला कुठं ऊस तोडाया जायचंय?"

"आणि तिला असला अन् तुम्हाला लागला तर?"

"तर मला लागंल. बाकीच्यायला तर काही व्हत न्हाई ना? ल्हेवून घ्या, मी अंगठा देते."

मी तिच्या बोलण्यात चूक शोधली. सापडली नाही. सहा महिने मी बावीस जणांचा धोका मोजत होते. त्यांच्यापैकी कोणाला स्वतःसाठी किती धोका घ्यायचा आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. अंगठा घेतला नाही. तिची गादी, औषधं आणि वॉकर कुठं ठेवायचं ते लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मावशी खोलीत गेली आणि रडण्याचा आवाज सुरू झाला. या वेळी कोणी पाणी घेऊन धावलं नाही. सगळे ओट्यावर बसून राहिले. पाव तास झाला, अर्धा तास झाला. फाटकाबाहेर जावयाचा फोन वाजत होता. तो कट करायचा, पुन्हा वाजायचा. एकदाही त्यानं आत हाक मारली नाही. पाऊण तासानं आवाज थांबला. लेक बाहेर आली, नळावर तोंड धुतलं, मला हात जोडले आणि मोटारसायकलवर बसून गेली.

संध्याकाळी मी मास्क लावून मावशीचा ताप मोजायला उंबऱ्यापर्यंत गेले. ताप नव्हता. "या वेळी बराच वेळ चाललं," मी म्हटलं.

"दोन येळचं रडलो."

"दोन वेळचं कसं?"

"आताचं अन् मी मेल्यावरचं. ती फडात असताना मी गेले, तर तिला येता येत न्हाई. ऊस जोडीनं तोडत्यात, एक उठलं की दुसरं बसून ऱ्हातं. म्हनून म्हनलं, तुझं जे काही रडनं आसंल ते आताच रड. मी बी आयकते."

मी थर्मामीटर पुसून डबीत ठेवला.

"लय चांगली रडली," ती म्हणाली. "मी तिला ल्हानपनी मारलेलं बी काढलं तिनं. बराबर हाय, मारलंच व्हतं." मग माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं. "त्यात तिचा फोन हाय ना? मी गेले तर तिला सांगा. पर बोलावू नका."

तिच्या नावापुढे, तातडीने कळवायच्या व्यक्तीच्या रकान्यात, लेकीचा नंबर होता. त्याखाली मी लिहिलं : कळवावे. बोलावू नये.

"ल्हेवलं?"

"लिहिलं."

"मंग आता दार लावा. मला भूक लागली, ताट लवकर धाडा."