दाजींच्या रिव्हॉल्व्हरचं माप

दाजी आज सकाळी गेले, आणि त्यांची अब्रू घालवणारा माणूस मी आहे.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. चुडाव्याचे किसनराव.

मी चौथीपर्यंत शिकलेला. मोबाईलवर एका बोटानं टाईप करतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपला मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. मी तेव्हा अक्काकडेच राहायचो. दाजींकडे त्यांच्या चुलत्याचं जुनं ठासणीचं रिव्हॉल्व्हर होतं. त्याला सहा घरं. प्रत्येक घरात दारू भरायची, वर शिशाची गोळी घट्ट दाबायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी लावायची.

गावात लायसनवाला माणूस एकच. दाजी.

आणि भुईमुगात रानडुकरं शिरली होती. सगळं गाव म्हणायचं, "किसनराव हायत, भ्यायचं न्हाई."

पण शिसं ओतून गोळ्या पाडायचा साचा गंजलेला. नवा आणायला आम्ही दोघं परभणीला निघालो.

दाजी रिव्हॉल्व्हर पिशवीत घालायला लागले, तसा मी त्यांचा हात धरला.

"दाजी, रेल्वेत पोलिसानं धरलं तर?"

"लायसन हाय की."

"उर्दूत हाय ते. आता साहेब मराठी आलेत. वाचनार कोन?"

दाजी थांबले. "मंग माप कसं न्यायचं?"

इथे मी अक्कल चालवली. बांधावरून हिरव्या ज्वारीचं धाट आणलं. शेंड्याकडून असं तोडलं, की रिव्हॉल्व्हरच्या घरात घट्ट बसावं. वीतभर तुकडा.

दाजी खूश. "डोकं हाय की रे तुला!"

ते ऐकलेलं शेवटचं कौतुक.

गाडीत बसलो आणि काळजी सुरू झाली. साचे संपले असले तर? दुकान बंद असलं तर? परतीची गाडी चुकली तर?

काळजी लागली की माझं तोंड चालतं. अजूनही चालतं, सूनबाई शेंगदाण्याचा डबा लपवून ठेवते.

पूर्णा गेलं. मिरखेल गेलं.

परभणी आली तेव्हा माझ्या हातात फक्त चिपाडं होती.

माप मी खाल्लं होतं.

दाजी समोरच्या बाकावर घोरत होते. मी चिपाडं सदऱ्याच्या खिशात कोंबली. स्टेशनबाहेर हिरव्या वैरणीची बैलगाडी उभी होती. त्यातलं एक धाट ओढलं. नजरेला तेवढंच वाटलं. वीतभर मोडलं.

दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी सांडशीसारखे दोन साचे समोर ठेवले. एक गोल गोळीचा, एक लांबट गोळीचा.

दाजी म्हणाले, "लांबट घेऊ. डुकराचं कातडं जाड असतंय. जड गोळी पायजे."

मी म्हटलं, "गोल घ्या दाजी. लांबट गोळी वाकडी बसली तर? हातातच फुटलं तर?"

"अन् गोल गोळी डुकराला गुदगुल्या करून आली तर?"

लय वेळ चाललं हे. शेवटी चाचा कंटाळले. "मियाँ, शकल का झगडा बाद में करो. पैले नाप दिखाव."

मी धाट पुढे केलं.

चाचांनी ते साच्याच्या खोबणीत ठेवून बघितलं. मग आतून लांबट गोळीचाच दुसरा, लहान मापाचा साचा आणला. "ये बराबर."

त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो.

घरी गोळ्या पाडल्या. त्या रिव्हॉल्व्हरच्या घरात न दाबताच जायच्या. दाजी म्हणाले, "नवा साचा हाय, गोळी लय गुळगुळीत पडायलीय." त्यांनी वरून मेण लावून त्या बसवल्या.

मी "हो" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव डबे वाजवत डुकरं उठवायला गेलं. दाजी बांधावर, रिव्हॉल्व्हर कमरेला, नळी खाली. ऊन चढलं. मेण वितळलं. गोळ्या गेल्या, मागोमाग दारू गेली, सगळं दाजींच्या धोतरात.

डुक्कर समोर आलं. दाजींनी चाप ओढला.

टिक्.

सहा टोप्या, सहा वेळा टिक्. डुक्कर थांबून बघायला लागलं.

मग दाजी बाभळीवर होते. धोतर खाली होतं.

त्या दिवसापासून गावानं त्यांचं नाव टिचकीराव ठेवलं. ते शेवटपर्यंत राहिलं. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर मुलीचे वडील म्हणाले, "तुमीच का टिचकीराव?"

दाजी म्हणाले, "हाव, मीच. चहा येऊ द्या."

मी बाजूलाच बसलो होतो. खाली मान घालून पोहे खात.

मागच्या महिन्यात त्यांना भेटायला गेलो. म्हटलं, आता सांगून टाकावं. खाटेजवळ बसलो. "दाजी, एक बोलायचं राहिलं होतं..."

दाजींनी डोळे उघडले. आवाज बारीक झाला होता.

"धाट गोड होतं का रे?"

"तुमाला कसं कळलं?"

"डुकराच्या दुसऱ्या दिशी तुझ्या अक्कानं तुझा सदरा धुतला. खिशात चिपाडं निघाली."

"मंग तुमी गावाला सांगितलं का न्हाई?"

"तुला सहन झालं नसतं. काळजीनं मेला असतास तू. मला काय, मी टिचकीराव असलो तरी भाकर गोडच लागती."

मग म्हणाले, "सांग की. गोड होतं का?"

"लय गोड होतं, दाजी."

ते हसले. खोकला येईपर्यंत हसले.

साचा डुकराच्या दिवसापासून माझ्याच पेटीत आहे. दाजींनी तो कधी मागितला नाही. तो घरात ठेवणं गुन्हा आहे का? नातू म्हणतो, नाही. तरी फोटो टाकत नाही.

चुडाव्याच्या मंडळींना, सोयऱ्याधायऱ्यांना, सगळ्यांना सांगतो. साचा चुकला तो माझ्यामुळे. दाजींचा नेम चांगला होता.

टिचकीराव मी आहे. आजपासून मला म्हणा.

दाजी, तुमचं नाव तुम्हाला परत. रामराम घ्या.