चतुर्थश्रेणी वगळून

माझी आई सानगडीला हायस्कुलात शिपाई होती. बाबा त्याच शाळेत शिपाई होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी तिला घेतलं. त्यांची सव्वा एकर धानाची शेतीही तिच्या नावावर झाली. निवृत्त झाल्यावर ती शेतीतच रमली.

शेतकऱ्यांच्या खात्यात वर्षातून तीनदा थोडे पैसे जमा करणारी सरकारी योजना आली, तेव्हा गावच्या यादीत तिचं नाव लागलं. पुढे पडताळणीच्या वेळी ग्रामपंचायतीत कुणीतरी म्हणालं, हिला तर पेन्शन आहे, दहा हजारांच्या वर पेन्शन असणारे यात बसत नाहीत. आईने वाद घातला नाही. मला फोन करून नाव काढायचा अर्ज लिहून द्यायला बोलावलं.

"नियमात नाही बसत त नाही बसत. दुसऱ्याच्या हक्काचं मी कायले घेऊ?"

मी लाखनीला पहिलीचा वर्ग शिकवते. रजा टाकून आले, अर्ज लिहिला आणि आम्ही दोघी साकोलीच्या तहसील कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला आणि आईला विचारलं, नोकरी कोणत्या पदावर होती. शिपाई, असं आईने सांगताच त्यांनी कपाटातून एक परिपत्रक काढलं, एका ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

तो आईनेच उचलला. चष्मा लावला. बोट ठेवत, अडखळत, मोठ्याने वाचू लागली, "दहा हजार किंवा त्याहून जास्त... निवृत्तिवेतन घेणारे... चतुर्थश्रेणी कर्मचारी... वगळून."

आईला फक्त सही करता येते, असं मी जन्मभर धरून चालले होते. बँकेची पत्रं, लग्नाच्या पत्रिका, सगळं मीच तिला वाचून दाखवलेलं.

शिपायाला कितीही पेन्शन असली तरी हे पैसे मिळतात, असं बाईंनी समजावलं. आईने त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे लिहिणाऱ्याले आमची आठवण होती."

बाहेर आल्यावर मी विचारलं, वाचायला कधी शिकलीस. ती म्हणाली, सूचनावही घेऊन वर्गावर्गात जायची तेव्हा. मास्तर सूचना वाचत, ती शेजारी उभी राहून आवाज आणि अक्षर जुळवायची. त्यात किती वर्षं गेली, ते तिलाही सांगता येईना. मग मला कधी बोलली का नाहीस?

"तू वाचून दाखवत होती ना. मले आयकाले चांगलं लागे."

नाव यादीत राहिलं. पुढचा हप्ता आला, त्यात तिने खत घेतलं. फळा, खडू, पुस्तक सगळं हाताशी असून एक मूल वाचतं करायला मला अख्खं वर्ष लागतं. ती मास्तरांच्या शेजारी उभ्याउभ्या शिकली, आणि कुणाला कळूही दिलं नाही.