राखाडी न झालेली ओळ

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटर शिकवणारा माणूस. भूतखेत, कौल, अंगात येणं असलं काही कानावर आलं की माझं डोकं फिरतं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण जे घडलं ते घडलं.

२००४ च्या आसपासची गोष्ट. महाडला एका क्लासमध्ये मी एक्सेल शिकवायचो. गाव पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या अलीकडे. शिमग्याला आमच्या ग्रामदेवीची पालखी घरोघर जाते. पण निम्मी माणसं मुंबईला, दारांना कुलपं. पालखी उचलणाऱ्या पोरांनी चढ चढून जायचं आणि कुलूप बघून परत फिरायचं, यावरून दरवर्षी भांडणं. पालखीची व्यवस्था माझ्या चुलत्यांकडे, नानांकडे. ते म्हणाले, "तुज्या त्या कॉम्प्युटरवर यादी कर रे. बंद घरं येगळी दिसली पायजेत."

हा तर माझ्या हातचा मळ! घर उघडं असेल तर १, बंद असेल तर ०. आणि कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये एकच अट — शून्य आलं की ती अख्खी ओळ आपोआप राखाडी. वाडीतली पोरं कुलपं बघून आली, मी आकडे भरले. पटापट ओळी राखाडी होत गेल्या.

एक सोडून. धोंडूकाकीची.

काकी विधवा, वरच्या वाडीत शेवटच्या घरात एकटी राहायची. थंडीत मुलाने मुंबईला नेली होती, दाराला कुलूप होतं. शून्य टाकलं तरी ओळ पांढरीच. मी वैतागलो. शून्य पुसून परत टाकलं. वरच्या ओळीतलं कॉपी करून आणलं. ओळ डिलीट करून नवी घातली. फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली... तिथेही तेच. विद्यार्थ्यांसमोर अब्रू जायची वेळ आली. शेवटी प्रिंट काढली आणि ती ओळ पेन्सिलीने रंगवून टाकली.

नानांनी कागद बघितला. "ही हातानं का रंगवलीस?"

"कॉम्प्युटर रंगवत नाय, नाना. काहीतरी बिघाड हाय त्यात."

नानांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "पालखी वर न्यायची."

मी भडकलो. कुलूप बघून आलीत पोरं, भर उन्हात तो चढ कशाला? नाना ऐकेनात. पोरं मला शिव्या घालत चढली, आणि मीही मागून नानांना मनात तेच करत चढलो.

दाराला कुलूप. ढोल थांबला. "बगितलंत?" असं मी म्हणणार, तोच आतून आवाज आला, अगदी बारीक — "जाव नको गो आई... ओटी भरायची हाय माजी."

मागच्या दाराने आत शिरलो. काकी चुलीपाशी पडली होती, पाय मोडलेला, ओठ सुकलेले. शिमग्याला देवीची ओटी भरायची म्हणून हट्टाने निघाली होती. सून सोडेना, म्हणून पनवेलला लेकीकडे जाते सांगितलं आणि एसटी पकडली. पुढच्या कुलपाची किल्ली मुलाकडे, म्हणून बाहेरून नुसती कडी असलेल्या मागच्या दाराने घरात आली आणि आदल्या दिवशी पडली. मुलाला वाटत होतं ती लेकीकडे, लेकीला वाटत होतं ती मुलाकडे. कोणी शोधायलाच येणार नव्हतं.

तिची ओटी भरून झाल्याशिवाय तिने कुणाला हात लावू दिला नाही. मग झोळी करून खाली आणली, महाडच्या दवाखान्यात नेली. वाचली. पुढे कित्येक वर्षं काठी टेकत हिंडायची.

त्या धावपळीनंतर क्लासमध्ये फाईल उघडली. मी कशालाही हात लावला नव्हता. काकीची ओळ राखाडी होती. घर तेव्हा खरोखरच बंद होतं.

फाईल करप्ट असेल, असं तुम्ही म्हणाल. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. खरं कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि देवीचं नाव घ्यायला अजून जीभ रेटत नाही. यादी मात्र दरवर्षी मीच करतो. जेवढ्या ओळी राखाडी होतात, तेवढ्या घरांच्या पुढच्या-मागच्या दारांत स्वतः जातो, नाव घेऊन हाक मारतो, जरा थांबतो. आतून कोणी ओ देत नाही, याची खात्री झाली की मगच प्रिंट काढतो.