दादाची रेघ

भिंत आणि छत जिथे भेटतात, तिथली रेघ दादा चिकटपट्टी न लावता मारायचा. शिडीवर चढायचा, ब्रश बुडवायचा, श्वास धरायचा, की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ सरळ. घरमालक माना वर करून बघत राहायचे. खाली धाकटा भाऊ भिंतीवरची लांबी, म्हणजे पुट्टी, घासत धूळ खायचा आणि त्याच्या पोटात दुखायचं. वीस वर्षं दुखत होतं. दोघं एकाच बापाकडे शिकलेले, पण बापाची कला उतरली ती एकाच्याच हातात! धाकट्याला पट्टीशिवाय रेघ जमत नव्हती, आणि पट्टी लावणाऱ्याला दादा रंगारी म्हणायलाच तयार नव्हता.

एका वकीलबाईंच्या घरी काम चालू असताना माळ्यावरून उतरताना दादाचं डोकं तुळईवर आपटलं. चांगलंच आपटलं.

"वहिनीला सांगू नकोस हं," टाळू चोळत तो म्हणाला. "शिडीवर चढू द्यायची नाही."

दोन आठवडे सगळं ठीक होतं. मग एका सकाळी दिवाणखान्यातली रेघ उतरली. डाव्या कोपऱ्याकडे जाता जाता बोटभर खाली. धाकट्यानं दोनदा डोळे चोळले, आणि मग त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला सांगायचं? दुसऱ्या दिवशीही उतरली. दादाला पत्ताच नाही.

तिसऱ्या दिवशी वकीलबाई धाकट्याला म्हणाल्या, "पुढच्या खोल्या तुम्हीच करा. तुमचं काम साफ आहे."

धाकट्यानं दार लावून घेतलं, पट्टी चिकटवली आणि रेघ मारली. बाहेर दादा मुकाट्यानं लांबी घासत होता, मधेच कपाळ दाबत होता, पाय जरा ओढत होता. धाकट्याला येता-जाता दिसत होतं सगळं. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून त्यानं नऊ दिवस तोंडाला कुलूप लावलं. वीस वर्षांनी लोक त्याच्या भिंतीकडे बघत होते.

दहाव्या दिवशी सकाळी दादाच्या डाव्या हातातून चहाचा कप गळून पडला. वहिनी आणि धाकटा त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दादा खुर्चीत पेंगत होता.

"डोक्याला मार वगैरे लागला होता का?"

"छे हो," वहिनी म्हणाली. "साधं खरचटलंसुद्धा नाही."

"मग थकवा असेल. दोन दिवस आराम करू द्या, मग बघू."

डॉक्टर गोळ्या लिहू लागले. मार सांगितला की डॉक्टर पुढचं विचारणार, मग रेघही सांगावी लागणार होती, आणि रेघ सांगितली की नऊ दिवस गप्प बसल्याचंही.

"लागला होता," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले. आणि नऊ दिवसांपूर्वी त्याची रेघ डावीकडे उतरली, तेव्हापासून पायही ओढतोय. मी रोज बघत होतो."

डॉक्टरांनी लिहिलेला कागद फाडला आणि मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी दिली.

"नऊ दिवस, भाऊजी?" वहिनीनं विचारलं.

तिथल्या सर्जननी स्कॅन दाखवला. कवटी आणि मेंदूच्या मधे रक्त थेंबाथेंबानं साचून मेंदूला दाबत होतं. कवटीला दोन भोकं पाडून ते काढायचं, एक-दोन दिवस नळी ठेवायची.

"आणखी दोन दिवस थांबलो असतो तर?" वहिनीनं विचारलं.

"तर कदाचित मला काही करता आलं नसतं."

ऑपरेशन होईपर्यंत वहिनी समोरच्या बाकावर जाऊन बसली. धाकट्याच्या शेजारी बसली नाही ती नाहीच. आणि त्याला, आयुष्यात पहिल्यांदा, दादाचं काहीही नको होतं. फक्त दादा हवा होता.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दादा उशीला टेकून बसला होता. डोकं भादरलेलं, त्यावर दोन पट्ट्या. धाकट्यानं औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा आणि पेन्सिल त्याच्यापुढे धरली. दादानं श्वास धरला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली.

सरळ. दोरी धरून मारावी तशी.

धाकट्याच्या पोटात तीच जुनी कळ उठली. दादा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"जळलास ना?"

"जळलो."

"मग मी बरा झालो," असं म्हणून दादानं डोळे मिटले.