पांढऱ्या बाईची ओटी

सासूबाई जर्मनीत बोब्लिंगेनला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा मी मनाशी एकच धरून बसले होते: त्यांनी एकदा तरी विचारावं. आदल्या वर्षी सातव्या महिन्यात आमची मुलगी पोटातच गेली. सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या, "आता तो विषय नको, विसरून जा." नवऱ्याने आईचा शब्द इतका पाळला की घरात बाळ हा शब्दच बंद झाला. फ्रीडहोफमध्ये, म्हणजे इथल्या दफनभूमीत, मी एकटीच जायचे. जरा चालून येते, असं सांगून.

सासूबाई आल्या, लोणची-मसाले कपाटात लागले, इथल्या दुधाला साय कशी येत नाही यावर बोलून झालं. पण विचारलं काही नाही.

त्यांना फिरवायचं म्हणून मी एक श्लॉस सुचवला. जुन्या सरदारांचा गावाबाहेरचा बंगला म्हणा हवं तर, पण बंगल्याच्या मानाने फारच अवाढव्य. जर्मनच्या क्लासमध्ये आम्हाला एक जुनी कादंबरी सोपी करून वाचायला दिली होती, ती याच घरात घडते. लेखक म्हणे इथे पाहुणा म्हणून राहिला होता आणि इथल्या पांढऱ्या बाईची, म्हणजे पांढऱ्या झग्यातल्या भुताची, गोष्ट त्याने उचलली. कादंबरीत ती फसवून गेलेल्या प्रियकरासाठी रात्रभर जिने चढते-उतरते. मला असल्या कादंबऱ्या आवडतात. बंद खोल्या, वारा, मेणबत्ती विझणं, सगळं.

"तिकीट काढून भूत बघायला जायचं?" सासूबाई म्हणाल्या. पण शाल घेऊन निघाल्या.

घर दाखवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्या बोलत आणि मी सासूबाईंना मराठीत सांगत होते. नवरा मागे मोबाइल बघत येत होता. एका दालनात त्या पांढऱ्या बाईचं चित्र होतं. अगदी तरुण, चेहरा जरा सुजलेला. गाइडबाई म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे असं बघा, प्रियकर लेखकाने घातला, वाचकांना हवा असतो. गावातली गोष्ट वेगळी आहे. ही बाळंतपणात गेली, बाळही गेलं. बाळाचा बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून त्याला चर्चच्या जमिनीत जागा मिळाली नाही. चॅपेलच्या भिंतीबाहेर पुरलं. ती त्याला शोधते."

"म्हणजे अळवंत," सासूबाई लगेच म्हणाल्या. बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत त्यांना परकं नव्हतं. "त्या लेखकाला काय कळतं? पोटचं पोर टाकून ती कशाला दुसऱ्या कोणाच्या मागे फिरेल?"

मग त्यांनी प्रश्नांचा सपाटा लावला. कितवं बाळंतपण होतं? मुलगा की मुलगी? जवळ कोण होतं? नवऱ्याने दुसरं लग्न केलं का? गाइडबाई खूश होऊन उत्तरं देत होत्या आणि माझं डोकं तापत चाललं होतं. कुठल्या काळातली ही अनोळखी बाई, तिची इतकी चौकशी. माझ्या वाट्याला त्यातला एक प्रश्न आला नव्हता. मला त्या दोघींचा राग आला, चित्रातल्या बाईचाही आला. तो गिळून मी भाषांतर करत राहिले.

बाहेर चॅपेलच्या भिंतीला लागून शेवाळलेला एक दगड होता, त्या बाळाच्या जागेची खूण. सासूबाई त्याच्यापुढे थांबल्या. "अहेवपणी गेली बिचारी. ओटी कोणी भरली नसेल. फिरणारच."

त्यांनी मुलाला श्लॉसच्या दुकानात पिटाळलं. खण कुठला मिळणार? श्लॉसचं चित्र छापलेलं भांडी पुसायचं फडकं घेऊन तो आला. नारळाऐवजी माझ्या बॅगेतलं सफरचंद, तांदळाऐवजी सासूबाईंच्या पर्समधली खडीसाखर.

"तू भर. माझा हात नको," त्या म्हणाल्या. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती. हल्ली हे कोणी पाळत नाही असं मी म्हणणार होते, पण त्यांचा चेहरा बघून पुढे झाले. वाकून फडकं ठेवलं, वर सफरचंद, खडीसाखर. गाइडबाईंनी हळूच विचारलं, हे मेलेल्यांसाठी असतं का? मी म्हणाले, आयांसाठी.

मी उठत असताना सासूबाईंनी दगडाकडे बघतच विचारलं, "इथे अशा बाळांना काही घालतात का गं? की तसंच?"

"घालतात, आई. दवाखान्यात बायका विणून देतात, अगदी छोटे झगे. आपल्या बाळाचा पिवळा होता. बाह्या लांब होत्या, मी दुमडल्या."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. नवरा कधीच पार्किंगकडे निघाला होता. सासूबाईंनी शाल नीट केली आणि त्याच्या मागे चालू लागल्या. मला वाटलं, संपलं, एवढंच.

गाडीत त्या पुढे बसल्या, मी मागे. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग त्या समोर बघत म्हणाल्या, "आपली कुठे आहे?"

नवऱ्याने रेडिओ बंद केला.

"घराजवळच," मी म्हणाले.

"गाडी तिकडे घे," त्यांनी मुलाला सांगितलं.

आमच्या गावात शिरल्यावर सिग्नलला गाडी थांबली. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "उजवीकडे की डावीकडे?"

सासूबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तुला माहीत नाही?"

"मी कधी गेलो नाही, आई."

"हिला एकटीला पाठवलंस?"

सिग्नल हिरवा झाला होता, मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"डावीकडे," मी म्हणाले.